शेतकऱ्यांचा पक्ष, रूडी आणि मी

१९९९ च्या सव्वीस जानेवारीला मी गाव सोडलं, ते थेट ग्रामसभेतून. गाडी दुपारी गोंदियाहून होती, बॅग सकाळीच बांधून झाली होती, आणि बाबा म्हणाले, सभा झाल्याशिवाय निघायचं नाही. ते ग्रामपंचायतीचे मेंबर होते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून आठेक किलोमीटरवर आमचं गाव. धान कापून झालेलं, रिकाम्या बांध्यांत लाखोरीचं पीक उभं, आणि शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरलेल्या.

आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली माणसं सभेला यायची आणि सतरंजीच्या कडेला, चपला काढलेल्या असतात त्या बाजूला बसायची. तिथं बसा असं कोणी सांगत नव्हतं. सांगायची गरजच संपली होती, इतकी ती सवय जुनी. बाबा मात्र सरळ मधे जाऊन मांडी घालत. त्या दिवशी त्यांनी मलाही दंडाला धरून तिथं नेलं. मी म्हटलं, बाबा, गाडी चुकेल. ते म्हणाले, "मधात बस. कडेले बसला का लोक कडेचाच समजतेत."

हातपंपाचा विषय झाला, रस्त्याच्या खडीचा झाला, आणि मग बाबा उठून म्हणाले, "माया पोरगा परदेशात जाऊन राह्यला. धानाच्या मशीन बनवाले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी अगदी नाइलाजाने वाजवल्या, ते मला मधे बसून नीट दिसलं आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. माय बायांच्या घोळक्यातून मनगटावर बोट आपटून वेळ दाखवत होती. शेवटी माझ्या धाकट्या भावाने, संजूने, मला आणि बॅगेला मोटरसायकलवर कोंबून गोरेगावला नेलं आणि तिथून एसटीने मी गोंदियाला पोचलो. मायला धड निरोपही देता आला नाही, याचा राग मला बाबांवर कितीतरी वर्षं होता.

मी गोंदियाच्या राइस मिलमध्ये मशीन दुरुस्त करायचो. डिप्लोमा झालेला होता, हात काळे होते. त्या मशीन बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची. आपल्या बारीक धानाचा त्यांच्या मशीनमध्ये तुकडा फार पडायचा, आणि तो का पडतो हे त्यांच्या साहेबांपेक्षा मला जास्त कळत होतं, कारण ती यंत्रं उघडून उघडून मला त्यांची आतडी पाठ झाली होती. म्हणून त्यांनी मला बोलावलं. एका वर्षासाठी गेलो आणि राहिलो. पुढे तिरोड्याची वैशाली लग्न करून आली, करुणा तिथंच जन्मली.

कंपनीपासून वीस मिनिटांवर, डोंगराच्या उतारावर एक गाव आहे, तिथं मी पहिल्याच वर्षी घर भाड्याने घेतलं. शेजारी रूडी राहायचा. पन्नाशीचा, गायी, चाळीसेक मेंढ्या, हाताचा पंजा फावड्याएवढा. पहिल्याच हिवाळ्यात त्याने माझ्या दारातला बर्फ न सांगता काढून दिला. डिसेंबरात त्याने मला एक कॅलेंडर आणून दिलं. बारा महिन्यांच्या बारा गायी, कोपऱ्यात हसरा सूर्य. हा आमच्या शेतकऱ्यांचा पक्ष, तो म्हणाला. मला तेव्हा त्यांची भाषा जेमतेम यायची, पण 'शेतकरी' हा शब्द मी शिकलो होतो. मला भरून आलं. म्हटलं, बघा, इतक्या दूर आलो तरी शेतकऱ्यांचाच शेजार मिळाला. मी ते कॅलेंडर स्वयंपाकघरात बुद्धाच्या फोटोशेजारी लावलं, त्याचा फोटो काढून घरीही पाठवला. बाबा फोनवर म्हणाले, "गाई लय जबर हायेत गा."

वर्षभर ते कॅलेंडर भिंतीवर होतं. त्या पक्षाचं म्हणणं काय आहे, हे मला बेसीमने सांगितलं. बेसीम कोसोवोचा मुसलमान, आमच्याच कंपनीत चाळण्या बसवायच्या विभागात, माझ्याही आधी आलेला, राहायलाही आमच्याच गावात. इथली बोली मला शिकवली ती त्यानेच. तो एकदा घरी जेवायला आला, भिंतीकडे बघून आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "रवी, हे कोणाचं आहे माहीत आहे का तुला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, शेतकऱ्यांचं. तो म्हणाला, "हो, आणि तू आणि मी परत जावं असं या शेतकऱ्यांचं म्हणणं आहे." मी आलो त्याच वर्षी ऑक्टोबरात निवडणूक झाली होती आणि मतांमध्ये हाच पक्ष देशात पहिला आला होता. मी निकालाचा गलका टीव्हीवर पाहिला होता, आणि कॅलेंडर आल्यावर लग्न ठरलेल्या वैशालीला पत्रात लिहिलंही होतं, की इकडे शेतकऱ्यांचं राज्य येतंय. असा मी शहाणा.

कॅलेंडर काढलं. रूडीला कारण सांगितलं नाही. वर्ष संपलं म्हणून काढलं, असंच त्याला वाटलं आणि त्याने नवं आणून दिलं. ते मी कपाटात ठेवलं.

हे सगळं मी इतक्या रागाने लिहितोय तर कोणाला वाटेल की रूडी दुष्ट माणूस होता. तसं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. तो गोड माणूस होता. करुणाला त्याने वासराला बाटलीने दूध पाजायला शिकवलं. वैशालीला सफरचंदांच्या पेट्या आणून द्यायचा. आणि दर चार वर्षांनी त्याचा पक्ष आणखी वर जायचा. त्यांचा मोठा पुढारी मंत्री झाला तेव्हा रूडीने गल्लीत सगळ्यांना दारू पाजली, मलाही. मी प्यालो. माझ्या ग्लासात ओतताना तो म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही हं हे. तू वेगळा." हा 'तू वेगळा' मी पुढे पंधरा वर्षं ऐकला. आमच्या गावच्या मोठ्या घरातले लोक बाबांना असंच म्हणायचे, तुम्ही त्यातले वाटत नाही. बाबा त्यावर पानाची पिंक टाकून निघून यायचे. मला इथं पिंक टाकायची सोय नव्हती.

२००७ साली ते मेंढ्यांचं पोस्टर निघालं. लाल जमिनीवर उभ्या तीन पांढऱ्या मेंढ्या आणि त्यातली एक काळ्या मेंढीला लाथ मारून हाकलतेय. देशभर लागलं, आणि रूडीने ते आपल्या गोठ्याच्या भिंतीवर ठोकलं. ती भिंत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. सकाळी चहा करताना वैशालीला तेच दिसायचं. करुणा पाच वर्षांची होती. तिने खिडकीतून बघत विचारलं, "आई, ती लाथ का मारते?" वैशालीने पडदा ओढला आणि दिवसा दिवा लावून चहा केला. महिनाभर आमच्या घरात दिवसा दिवा होता.

मी रूडीला एकदाच बोललो. त्याच्या कळपात एक काळी मेंढी होती, त्याची फार लाडकी, हाक मारली की यायची. मी म्हटलं, तुझ्याकडे तर काळी आहे, तिला नाही हाकलत? तो मनापासून चकित झाला. "ती माझी आहे," तो म्हणाला. त्याला पोस्टरमध्ये आणि या उत्तरात काही विसंगत वाटलं नाही. पुढे मिनारांवर बंदीचं मतदान आलं. आमच्या खोऱ्यात एकही मिनार नव्हता, तरी गावाने बंदीच्या बाजूने मत दिलं. बेसीमने त्या सोमवारी डबा उघडलाच नाही.

बारा वर्षं झाल्यावर आम्ही नागरिकत्वाचा अर्ज केला. करुणाला हवं होतं, तिच्या वर्गात सगळे इथलेच, आणि मलाही हवं होतं. दर वेळी परवाना वाढवताना खिडकीपाशी उभं राहून मी कंटाळलो होतो. तिथली पद्धत आपल्याकडच्या लोकांना खरी वाटत नाही, म्हणून सांगतो. आमच्या त्या गावात नागरिकत्वाचा अर्ज आधी गावसभेत येतो. तुमचे शेजारी, तुमचा पोस्टमन, मुलीची मास्तरीण असे सगळे एका हॉलमध्ये बसतात आणि तुम्ही आमचे की नाही हे हात वर करून ठरवतात.

त्याआधी चार माणसांची समिती घर बघायला येते. वैशालीने दोन दिवस घरात फोडणी पडू दिली नाही. थंडीत सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या. सुकट तिने बेसीमच्या घरी नेऊन ठेवली. समितीने कचऱ्याच्या पिशव्या कुठल्या दिवशी बाहेर ठेवता ते विचारलं, गावातल्या ओढ्यांची नावं विचारली. समितीतल्या बाई मधेच नाकाने हवा ओढून म्हणाल्या, "किती ताजी हवा आहे तुमच्याकडे." वैशाली हसली. समिती गेल्यावर ती कपभांडी न धुता झोपली, तिचं असं कधी होत नाही.

सभा रविवारी सकाळी, चर्चनंतर, शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये होती. मी कोट घातला होता. आत शिरलो तर खुर्च्यांच्या रांगा लावलेल्या, आणि मी सवयीने दोघींना घेऊन मधल्या रांगेत बसलो. आमचा फोटो पडद्यावर आला. गावप्रमुखांनी माहिती वाचली. मग ते अगदी अदबीने म्हणाले, आता चर्चा आणि मतदान होईल, तोवर अर्जदारांनी कृपया बाहेर थांबावं.

आम्ही उठलो. रांगेतल्या लोकांनी गुडघे बाजूला घेऊन वाट दिली. बाहेर अरुंद बोळ होता, पोरांचे कोट अडकवायच्या खुंट्या आणि खाली ओळीने सपाता. दार बंद झालं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, एकदा सगळे मोठ्याने हसले. करुणा भिंतीवरची चित्रं बघत होती, तिची स्वतःची शाळा, स्वतःच्या खुंटीपाशी ती उभी होती. वैशाली खालच्या आवाजात म्हणाली, "काऊन हसून राह्यले असतीन?" मी सपातांकडे बघत उभा होतो. त्या दहा मिनिटांत मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नाही, आणि त्याच दहा मिनिटांत मी मनातल्या मनात हात जोडत होतो की घ्या बाबांनो, आत घ्या.

दार उघडलं, टाळ्या झाल्या. आमच्यासाठी रूडी बोलला होता. त्यानेच मला नंतर अभिमानाने सांगितलं, "मी म्हणालो, हा माणूस आपला आहे. काम करतो, कधी आवाज नाही, कसली तक्रार नाही." मी त्याचे आभार मानले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांना सभा म्हटल्यावर फार उत्सुकता. "मंग? मधात बसला का नाई?"

"बसलो होतो बाबा. मग आम्हाला बाहेर पाठवलं."

"बाहेर कायले?"

"तशी पद्धत आहे. आपल्यावर मतदान असलं की आपण बाहेर थांबायचं."

बाबा म्हणाले, "जेवजो," आणि त्यांनी फोन संजूकडे दिला.

आता जे सांगायचं ते सांगतो. मी हे इतकी वर्षं कोणाला लिहिलं नव्हतं.

पासपोर्ट आला. २०१४ च्या फेब्रुवारीत, परदेशी लोकांच्या येण्यावर मर्यादा घालावी का, असं देशभर मतदान झालं. तेही त्याच पक्षाने आणलेलं. मी घरी बसून कागदावर 'नाही' लिहिलं, पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं, आणि स्वतःवर खूश झालो. अगदी थोड्या मतांनी ते जिंकले. रूडीने पुन्हा बाटली उघडली.

त्याच वसंतात बेसीमचा अर्ज सभेत आला. या बेसीमबद्दल एवढंच सांगतो, की करुणाच्या वेळी वैशालीला कळा सुरू झाल्या तेव्हा बर्फाने रस्ता बंद होता आणि माझ्याकडे गाडी नव्हती. बेसीमने चाकांना साखळ्या बांधून तिला दवाखान्यात पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला. तो माझ्याआधीपासून या देशात होता. अर्ज करायला घाबरत होता. आमचं झाल्यावर त्याला धीर आला.

त्याच हॉलमध्ये, त्याच मधल्या रांगेत मी आणि वैशाली बसलो. बेसीम आणि त्याची बायको पुढे होते. फोटो आला, माहिती वाचून झाली, आणि त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. माझ्या शेजारून जाताना बेसीमने माझ्या खांद्याला हात लावला. मी गुडघे बाजूला घेतले.

दार बंद झाल्यावर एक बाई उठल्या. म्हणाल्या, यांची मुलं रविवारी अंगणात आरडाओरडा करतात. एक जण म्हणाला, गावच्या जत्रेत हे कधी दिसले नाहीत. जत्रेत डुकराचं मांस आणि बिअर याशिवाय काही नसतं, हे कोणी म्हणालं नाही. मीही नाही. मग रूडी उठला. त्याने माझ्याकडे हात केला. "इथं रवी बसलाय. भारतासारख्या दूरच्या देशातून आला. याला आपल्यात मिसळायला जमलं. मग ज्यांना आपल्यापासून दोन तासांचं विमान आहे त्यांना का जमू नये?" अख्खा हॉल माझ्याकडे वळून बघत होता. सगळे हसरे चेहरे. कौतुकाचे.

गावप्रमुख म्हणाले, अर्ज मंजूर असणाऱ्यांनी हात वर करावा.

माझा हात गुडघ्यावर होता. मला तो दिसत होता. उचलायला काही जड नव्हता. मी काही ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगतो, मी फक्त एक क्षण थांबलो, की हे सगळे अजून माझ्याकडे बघतायत, जरा नजरा हटू देत. शेजारी वैशालीचा हात वर गेला. तिच्या बांगड्या खाली सरकल्याचा आवाज झाला. दोन माणसं रांगारांगांतून मोजत गेली. आमच्या रांगेत मोजणारा माणूस माझ्यापाशी आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवून समजल्यासारखं केलं आणि पुढे गेला.

सात मतांनी अर्ज पडला. माझ्या एकाच्या हाताने काही फरक पडला नसता. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता ते दुसऱ्या कोणाचं वाटतं.

बेसीमला आत बोलावून कारणं वाचून दाखवली. तो उभ्याने ऐकत होता आणि मान डोलावत होता, जणू चाळणीचं माप सांगतायत. घरी जाताना वैशाली माझ्या चार पावलं पुढे चालली. दारात किल्ली लावताना ती म्हणाली, "तुमचा हात कुठं होता?" मी म्हटलं, मी करणारच होतो. ती म्हणाली, "मी नाई विचारलं का तुमी काय करनार होते."

सोमवारी कारखान्यात बेसीम माझ्या टेबलापाशी आला. मी बोलायच्या आधीच तो म्हणाला, "दोन हात तरी नक्की आमच्यासाठी वर गेले, तुझा आणि वैशालीचा. बायकोला मी तेच सांगितलं." मी म्हटलं, "हो."

त्या डिसेंबरात आम्ही भारतात आलो. संजूने गोंदियाजवळ फुलचूरला प्लॉट घेऊन घर बांधलंय, माय गेल्यापासून बाबा त्याच्याकडेच असतात. संजूच्या घरामागे छत्तीसगडहून आलेल्या मजुरांची दहा-बारा घरं आहेत. ते लोक बांधकामावर जातात, दहा वर्षांपासून तिथं आहेत, पोरं तिथल्याच शाळेत. दुपारी जेवताना संजू सांगत होता, की त्यांची नावं मतदार यादीत यायला नकोत म्हणून मोहल्ल्याने अर्ज दिलाय. बाबा म्हणाले, "तुया बापाचं काय जाते?" त्यांचं यावरून रोज भांडण असावं. संजू माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमीच सांगा यायले. तुमच्या तिकडं तर असंच करतेत ना? बाहेरच्यायले सहजासहजी घेत नाई. म्हनून तर देश पुढं हाय तो."

पुन्हा सगळे माझ्याकडे बघत होते. संजू, त्याची बायको, बाबा. वैशालीने ताटातली भाजी चिवडायला घेतली, वर पाहिलंच नाही.

मी सांगितलं. बेसीमचं सगळं सांगितलं, साखळ्या बांधलेल्या गाडीपासून ते कारखान्यातल्या 'हो'पर्यंत. संजू म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, आपन कायले दुसऱ्याच्या भानगडीत पडा." तो मला सावरत होता. बाबांनी ताटात हात धुतला. त्यांना आता नीट उठता येत नाही, भिंतीला धरून उठले.

"म्हंजे तू झाला तिकडचा," ते म्हणाले. "मले वाटे का तुले कागद देल्लं फक्त त्यायनं."

ते आत जाऊन पडले. आम्ही आणखी बारा दिवस तिथं होतो. ते माझ्याशी बोलले, हवापाण्याचं, तब्येतीचं, पाहुण्याशी बोलावं तसं. निघताना मला पोचवायला दारापर्यंत आले आणि म्हणाले, सांभाळून जा. जेवजो म्हणाले नाहीत.

परदेशी गेलेल्या लोकांना सगळे विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं तुमचं. मी पूर्वी त्यावर गोलमोल बोलायचो, दोन्ही आपलीच, वगैरे. आता मला नेमकं माहीत आहे. जिथं दार बंद झालं की आपण आतल्या बाजूला असतो, बाहेर कोण उभं आहे ते ठाऊक असतं, आणि तरी आपण बसून राहतो, ते आपलं घर. त्या हिशोबाने माझं घर त्या डोंगरातच आहे, आणि त्या पक्षाला मी एकदाही मत न देता त्यांच्यातलाच झालोय. रूडीला हे माझ्याआधी कळलं होतं.

बेसीमने पुन्हा अर्ज केलाय. या वेळी आपल्या बाजूने बोलायला त्याने माझं नाव दिलंय, आणि मी हो म्हटलंय, पण त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही. सभा मार्चमध्ये आहे. वैशालीने मला सांगून ठेवलंय, की ती त्या दिवशी हॉलमध्ये माझ्याजवळ बसणार नाही, बेसीमच्या बायकोबरोबर बाहेर बोळात थांबणार आहे.